कौल कोणाचा आणि सवाल कोणाचा?

(मोखाडे तालुक्यांतील एका पाड्यावर, २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वीं शाळेच्या पडवींत केलेलें भाषण. बोलण्याच्या ओघांतील पुनरुक्ति तेवढी गाळली आहे.)



तुम्हीं आज आम्हांस बोलावलें तें एका सवालाचा उलगडा व्हावा म्हणून. आपला पाडा पेसा कायद्याखालीं स्वतंत्र गांव म्हणून जाहीर व्हावा, कीं आज ज्या मोठ्या गांवांत तो मोडतो त्यांतच राहावा, यावर येत्या २६ जानेवारीस ठराव व्हावयाचा आहे. "गुरुजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच काय तें सांगून टाका," असें कारभारी दादा परवां म्हणाले. दादा, रागावूं नका, पण तें आम्ही सांगणार नाहीं. एक तर आमचें नांव या पाड्याच्या मतदार यादींत नाहीं. आम्ही दुसऱ्या तालुक्यांतले कुणबी. मराठी ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढून मास्तरकीस लागलेले, आणि सतरा वर्षें तुमच्या मुलांना पाढे शिकवून तुमची नागलीची भाकरी खाल्लेले. भाकरी खाल्ल्यानें मताचा हक्क येत नाहीं. दुसरें असें कीं, शिकलेल्यानें सांगावें आणि बाकीच्यांनीं माना डोलवाव्या, ही चाल मोडण्यासाठीं बहुजन समाजांतल्या थोर माणसांनीं जन्म वेंचले. ती चाल भटजीच्या हातून सुटून मास्तराच्या हातीं आली, तर सुधारणा ती काय झाली?

मग आम्ही सांगणार काय? लोकांना विचारून निर्णय करण्याची रीत आजवर कोठें कशी चालली, कोठें फसली, एवढें सांगूं. त्यावरून तुम्हीं आपलें पाहावें.

घरांत कोणी आजारी पडलें कीं तुम्ही भगताकडे जातां. तो तांदळाचे दाणे पाहतो आणि सांगतो. खालीं कोंकणांत व गोव्यांत देवळांतून देवाच्या अंगाला फुलें-पाकळ्या लावून कौल घेतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाहीं. आमचें देवाशीं भांडण नाहीं. पण आम्हीं एक गोष्ट पाहून ठेवली आहे. देव होय किंवा नाहीं एवढेंच सांगतो. सवाल मात्र गुरव विचारतो. "या माणसाची जमीन सावकारानें घ्यावी काय?" असा सवाल देवापुढें कधीं गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. "ही आपत्ति कोणत्या देवाच्या कोपानें आली?" असाच जातो. ज्याच्या तोंडीं सवाल, त्याच्या मुठींत निम्मा निकाल असतो.

माणसांच्या कौलाचेंही असेंच आहे. आणि मुख्य म्हणजे, माणसांना फारसें कोणी विचारीतच नाहीं. आपलेंच उदाहरण घ्या. जयबा मुकण्यानें बैलाच्या कातड्यांत मावेल एवढी जमीन मागितली, मग कातड्याच्या वाद्या कापून त्यांनीं मुलूख वेढला, ही गोष्ट तुमच्या आजोबांनीं तुम्हांस सांगितली असेल. तें जव्हार संस्थान सुमारें ३१० चौरस मैलांचें होतें. राजा कोळी, म्हणजे आपल्यांतला, हा अभिमान खोटा नव्हे. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें, त्या वेळीं यशवंतराव मुकणे गादीवर होते. सह्या झाल्या, कागद गेले, ठाणें जिल्ह्यांत एक तालुका वाढला. रानांत लांकूड तोडणाऱ्या वारल्याला कोणी विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी बहुधा हेंच झालें असतें. पण न विचारतां झालेलें बरें काम आणि विचारून झालेलें बरें काम यांत फरक आहे, आणि तो आम्हांस मोठा वाटतो. त्याच वर्षीं, फेब्रुवारींत, काठेवाडांतल्या जुनागडच्या लोकांना मात्र विचारलें होतें. तेथला नबाब पाकिस्तानांत सामील होऊं पाहात होता. मतें मोजलीं तेव्हां पाकिस्तानच्या बाजूनें सगळ्या संस्थानांतून ९१ निघालीं. नबाब सरकारला अडचणीचा झाला म्हणून रयतेला विचारलें. आपला राजा अडचणीचा नव्हता म्हणून आपणांस विचारलें नाहीं. आमची समजूत तरी अशी आहे.

पुढें १९६० सालीं महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला. तुमच्यापैकीं कित्येकांचे सोयरे तिकडे आहेत. त्यांना विचारलें नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हा फोडून पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचें ठिकाण जव्हारास व्हावें अशी इकडची मागणी होती. तें समुद्राकडे पालघरास झालें. १९९२-९३ सालीं वावर-वांगणीचीं लेंकरें दगावलीं, त्याचा देशभर बोभाटा झाला, तेव्हां कुठें जव्हारास अप्पर जिल्हाधिकाऱ्याची कचेरी आली होती. म्हणजे आमच्याकडे कचेरी यावयाची तर आधीं मुलें मरावीं लागतात. हें कडू बोललों. पण खोटें बोललों काय?

आतां गोव्याकडे येऊं. कारण ज्याला जनमत कौल म्हणतात तो मराठी मुलखाच्या अंगणांत एकदांच झाला, आणि त्यांत आपल्यासारख्या लोकांचें पुष्कळ गुंतलेलें होतें.

गोंवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीजांच्या हातून सुटला. १९६३ च्या डिसेंबरांत पहिली निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्य मंत्री झाले. हे गृहस्थ खाणमालक होते, पैशाला तोटा नव्हता. पण जन्म गोमंतक मराठा समाजांतला. ज्या समाजाच्या बायकांना देवळांच्या सेवेला बांधून ठेवलें आणि वर त्यांनाच हलकें लेखलें, तो हा समाज. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागें कुळें, मुंडकार, असा सगळा कष्टकरी बहुजन समाज उभा राहिला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनींत झोंपडी घालून राहणारा. भाटकार ऊठ म्हणाला कीं त्यानें उठावें. तुमच्या आज्यांना हें वेगळें समजावून सांगावयास नको. सावकाराच्या वाड्यावर वेठीला राबलेली पिढी तुमच्या घराघरांतून होऊन गेली.

या पक्षाचें म्हणणें असें कीं, गोंवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा. महाराष्ट्रांत १९४८ चा कूळकायदा चालत होता, शाळा मराठी, कीर्तन मराठी, देवाची आरती मराठी. गोव्यांतला बहुजन समाज मराठींत देवाशीं बोलत असे, मग महाराष्ट्राशीं परकेपणा कां? दुसऱ्या बाजूस युनायटेड गोअन्स पक्ष, पुढारी डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांचें म्हणणें, आमची बोली कोंकणी, आमची राहणी निराळी. एवढ्या मोठ्या राज्यांत एवढासा गोंवा कोपऱ्यांतला एक जिल्हा होऊन पडेल, आणि मुंबईचे अंमलदार येऊन राज्य करतील. या म्हणण्यांत भाटकारांचा स्वार्थ मिसळलेला होता, हें खरें. पण म्हणणें सगळेंच खोटें होतें असें आज पालघर जिल्ह्याच्या डोंगरांत बसून आम्ही कोणत्या तोंडानें म्हणावें? मोठ्या राज्याच्या कोपऱ्यांतला तालुका कसा असतो तें मोखाड्याला विचारा.

वाद मिटेना. अखेर संसदेनें १९६६ च्या डिसेंबरांत खास कायदा केला कीं, गोव्याच्या मतदारांना सरळ विचारावें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी घडली. बांदोडकरांचें मंत्रिमंडळ खुर्चीवर असतां कौल निर्मळ होणार नाहीं, असा आक्षेप निघाला. मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. कौल राष्ट्रपतींच्या राजवटींत झाला. सवाल ज्याच्या सोयीचा, त्यानें कौलाच्या दिवशीं पेटीजवळ उभें राहूं नये, हा धडा तेव्हां गोव्यानें घालून दिला. आपल्याकडे ठरावाचें रजिस्टर कोणाच्या काखेंत असतें, यावर पुढें बोलूं.

१६ जानेवारी १९६७ हा कौलाचा दिवस. मतपत्रिकेवर दोन चित्रें होतीं. महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें तर फूल, केंद्रशासित राहावयाचें तर दोन पानें. निरक्षर बाईलाही कळावें अशी योजना. ती आम्हांस फार आवडते. दमण आणि दीव यांना वेगळें विचारलें कीं गुजरातेंत जातां काय. दीव तर बेटच आहे. दोघांनीं नाहीं म्हटलें. गोव्याचा आंकडा मात्र आम्ही फळ्यावर लिहून ठेवला आहे. यादींत ३,८८,४३२ मतदार. त्यांतल्या ३,१७,६३३ जणांनीं मत टाकलें, म्हणजे शंभरांत एक्याऐंशीहून अधिक. दोन पानांना १,७२,१९१. फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनीं विलीनीकरण पडलें.

महाराष्ट्रांत कित्येकांस तो निकाल जिव्हारीं लागला. आमच्या लहानपणींही वडीलधारी माणसें म्हणत, बहुजन समाज सगळा फुलाकडे होता, भाटकारांनीं आणि पाद्र्यांनीं मिळून घात केला. आम्हीं तें खरें मानलें होतें. ट्रेनिंग कॉलेजांत एका शिक्षकांनीं साधा हिशेब विचारला तेव्हां आमचें तोंड बंद झालें. गोव्यांत ख्रिस्ती लोक थोडे, हिंदु अधिक. नुसत्या ख्रिस्ती मतांनीं दोन पानें जिंकूं शकत होतीं काय? नाहीं. म्हणजे हजारों हिंदूंनीं, त्यांत बहुजनांनींही, पानांवर शिक्का मारला. पेडणें, डिचोली या उत्तरेकडच्या तालुक्यांनीं फूल उचललें, साष्टीनें पानें. आणि पुढची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याच वर्षीं मार्चच्या अखेरीस, म्हणजे अडीच महिन्यांच्या आंत, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनीं पुन्हां बांदोडकरांनाच मुख्य मंत्री केलें! बांदोडकर हवे, त्यांच्या शाळा हव्या, कूळकायदा हवा. पण मुंबईचें राज्य नको. लोकांना एवढा बारीक विचार करतां येतो. पुढाऱ्यांना आणि आम्हां वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना तो करतां आला नाहीं. आपण ज्यांच्या वतीनें बोलतों ते आपल्यासारखेंच बोलतील, असें धरून चालणें हा आमच्या चळवळींतल्या मंडळींचाही जुना रोग आहे.

आणखी दोन गोष्टी या गोव्याच्या कौलांत राहून गेल्या, त्या आपल्या कामाच्या आहेत.

पहिली अशी: कागदावर दोनच चित्रें होतीं. गोंवा हें स्वतःच एक राज्य व्हावें, ही तिसरी वाट कागदावर नव्हतीच. ती वाट निघाली ३० मे १९८७ रोजीं. कौलानंतर वीस वर्षांनीं. ज्यांच्या मनांत राज्य होतें त्यांनाही त्या दिवशीं फूल कीं पान यांतलेंच एक निवडावें लागलें.

दुसरी: मत फक्त गोव्यांत राहणाऱ्यांनाच होतें. पोटासाठीं मुंबईस आणि बोटींवर गेलेल्या गोंवेकरांनाही विचारा, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाहीं. चूल गोव्यांत, म्हातारी आई गोव्यांत, आणि मत नाहीं. याकडे आम्ही शेवटीं पुन्हां येणार आहों.

मध्यें थोडें समुद्रापलीकडे जाऊं. वेस्ट इंडिज हें नांव क्रिकेटमुळें पोरांना ठाऊक आहे. तिकडे सेंट किट्स आणि नेव्हिस अशीं दोन बेटें मिळून एक संघराज्य आहे. नेव्हिस केवढें? ३६ चौरस मैल. आपल्या जुन्या जव्हार संस्थानांत तशीं आठ बेटें बसतील. इंग्रजांनीं १८८२ सालीं कारभाराच्या सोयीसाठीं हीं बेटें, आणि तिसरें अँग्विला, एका दावणीला बांधलीं. बेटांना कोणी विचारलें नाहीं. मग नेहमींचीच रड सुरू झाली. कचेरी सेंट किट्सला, पैसा सेंट किट्सला, कागदाच्या एका शिक्क्यासाठीं समुद्र ओलांडून जा. १ ऑगस्ट १९७० रोजीं सेंट किट्सहून नेव्हिसकडे येणारी क्रिस्टेना नांवाची बोट बुडाली आणि २३३ माणसें गेलीं. एवढ्याशा बेटावर ज्याच्या घरांतलें किंवा शेजारचें कोणी गेलें नाहीं असें घर विरळा. तोरंगणच्या घाटांत गाडी पडल्याची बातमी आली कीं आपल्या पोटांत जो गोळा येतो तो ध्यानांत आणा.

अँग्विलानें तर तीन वर्षें आधींच दावें तोडलें होतें. ज्या १९६७ सालीं गोव्याचा कौल झाला, त्याच वर्षीं ११ जुलैस त्यांनीं मतें टाकलीं. वेगळें व्हावें म्हणणारे १,८१३. नको म्हणणारे पांच. नेव्हिस मात्र संघांतच राहिलें. १९८३ सालीं इंग्रज गेले, तेव्हां नव्या संविधानांत असें कलम घातलें कीं, नेव्हिसला पुढें वेगळें व्हावेंसें वाटलें तर त्यांच्या सभेनें ठराव करावा आणि मग लोकांचा कौल घ्यावा. पण टाकलेल्या मतांत तीनांत दोन मतें वेगळें होण्याच्या बाजूस पडलीं पाहिजेत. १० ऑगस्ट १९९८ रोजीं तो कौल झाला. होय म्हणणारे २,४२७. नाहीं म्हणणारे १,४९८. चौथीच्या मुलांना आम्हीं कालच हें गणित घातलें. बेरीज ३,९२५. तीनांत दोन म्हणजे २,६१७ मतें हवीं होतीं. १९० मतें कमी पडलीं आणि नेव्हिस आजही संघांतच आहे.

एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, जास्त मतें पडलीं तरी हरले?" होय बाई, जास्त मतें पडून हरले. हा अन्याय कीं शहाणपण? आमचें मत आम्ही झांकून ठेवीत नाहीं. सरपंच निवडतांना एका मतानें निवडला तरी चालेल; पांच वर्षांनीं बदलतां येतो. पण भाऊ वेगळे निघावयाचे तर घरांतल्या पांचांतल्या तिघांनीं होय आणि दोघांनीं नाहीं म्हणून भिंत घालूं नये. ती भिंत पुन्हां निघत नाहीं. उलट बाजूनें असेंही कोणी म्हणेल, कीं तीनांत दोनाची अट म्हणजे नको म्हणणाऱ्या एकाच्या हातीं दोघांचा गळा दिला. तेंही खोटें नाहीं. म्हणून कायद्याला जितकीं मतें लागतात तो कमीत कमी आंकडा समजावा, आणि आपल्याला किती हवीं हें आपण मतें मोजण्याच्या आधीं ठरवावें. मोजल्यानंतर अट ठरविली तर तिला अट म्हणत नाहींत, लबाडी म्हणतात.

तर आपला सवाल. पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ सालचे. सरकारी दप्तरांत गांव म्हणजे महसुली गांव. साहेबानें नकाशावर काढलेलें. पण या कायद्यानें गांवाची व्याख्याच फिरवली. वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जेथें लोक आपल्या रीतीरिवाजानें आपला कारभार चालवितात, तें गांव. पाड्याच्या मतदारांनीं ठराव करावा, सरकारनें चौकशी करून तसें जाहीर करावें. मग त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा, स्वतःचा ग्रामकोष. रानांतला मोहं, बांबू, तेंदूचीं पानें यांचा कारभार. बंधाऱ्यावर, सावकारीवर, दारूच्या दुकानावर, जमीन परक्याच्या हातीं जाण्यावर बोलण्याचा हक्क. आदिवासी विकासाच्या रकमेंतील पांच टक्के अबंध निधि थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो, त्यांतला आपला वांटा आपण ठरवावयाचा. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदांत असें आहे कीं राज्यें मोडावयाचीं, जोडावयाचीं, तें संसद करूं शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाला मत विचारतात, पण ऐकलेंच पाहिजे असें नाहीं, आणि लोकांना तर विचारण्याचीही सक्ति नाहीं. म्हणजे राज्यांतल्या कोट्यवधि माणसांना जो हक्क नाहीं, तसला हक्क या कायद्यानें साठ घरांच्या पाड्याच्या ओंजळींत घातला आहे. तो खोटा नव्हे, याचा दाखला ओरिसांतल्या नियमगिरीच्या डोंगराचा. सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं सांगितलें कीं डोंगर खणावयाचा कीं नाहीं तें ग्रामसभांना विचारा. बारा गांवांच्या सभा झाल्या. बाराच्या बारांनीं नाहीं म्हटलें. खाण झाली नाहीं.

एवढा हक्क हातांत असतां आम्ही हातचें राखून कां बोलतों, असें तुम्ही म्हणाल. आतां आमचें पाप सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीच एक रजिस्टर घेऊन या पाड्यावर घरोघर फिरलों होतों. ग्रामसभेला माणसें जमलीं नव्हतीं; "गुरुजी, तुमचें लोक ऐकतात, एवढ्या सह्या-अंगठे आणून द्या," असें आम्हांस सांगण्यांत आलें. कोणीं सांगितलें त्याला आज महत्त्व नाहीं. नेणारे हात आमचे होते. वरचें पान कोरें होतें. समोर बसलेल्या आजींनीं तेव्हां विचारलें होतें, "कशाचा अंगठा रं गुरुजी?" आम्हीं म्हटलें, "कामाचा आहे, आजी." सहा महिन्यांनीं तो ठराव आमच्या वाचनांत आला. पाड्याच्या विहिरीचें काम दुसरीकडे हलविण्यास या पाड्याची खुशीनें संमति आहे, असें त्यांत लिहिलें होतें. त्या चैत्रांत आजी दोन हंडे घेऊन ओढ्याच्या खड्ड्यापर्यंत गेल्या तेव्हां आम्ही शाळेच्या खिडकींतून पाहात होतों. आजी आज पुढच्या रांगेंत आहेत. त्यांनीं आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. म्हणूनच हें चारचौघांत बोलावें लागलें.

तेव्हां पहिलें हें करा: ठराव आधीं लिहा. तुमच्या बोलींत लिहा, मोठ्यानें वाचा, दोनदां वाचा, मग सही-अंगठा. रजिस्टर सभेंतून उठून कोणाच्याही घरीं जातां कामा नये, मास्तराच्याही नाहीं. जो वेगळें गांव मागतो आहे त्यानें आणि ज्याला तें नको आहे त्यानें, दोघांनींही मोजणीच्या वेळीं लांब बसावें. मोजावयास वरच्या वर्गांतल्या मुली बसवा. त्यांना मोजतां येतें आणि त्यांना कोणाचें देणें नाहीं.

सवालही नीट मांडा. "वेगळें गांव हवें कीं नको," एवढेंच कां? शेजारच्या दोन पाड्यांना बरोबर घेऊन तिघांचें मिळून एक गांव, ही तिसरी वाट कायद्यांत आहे. त्या दोन पाड्यांना आपण विचारलें आहे काय? त्यांची आणि आपली गावदेवी एक, स्मशान एक, ओढा एक. आपण वेगळे झालों आणि ओढ्याचा बंधारा आपल्या हद्दींत आला, तर खालच्या कातकरी वस्तीनें पाण्याला कोणाकडे जावें? मोठें गांव आपणांस विचारीत नाहीं म्हणून आपण वेगळें निघावयाचें, आणि निघतांना कातकऱ्याला विचारावयाचें नाहीं, हें कसें? सेंट किट्सवर रागावलेल्या नेव्हिसचें गाऱ्हाणें खरें असेल, पण आपल्याहून धाकट्याचें बेट आपण होऊं नये. कारभारी दादा खालीं पाहात आहेत. दादा, ही टीका तुमच्या एकट्यावर नाहीं.

आतां शेवटचें, आणि आमच्या मतें सगळ्यांत जड. या पडवींत बसलेल्यांकडे एकदां पाहा. पिकलेले केंस, कडेवरचीं लेंकरें, आणि शाळेंतलीं मुलें. मधली माणसें कोठें आहेत? दिवाळी झाली, भात झोडलें, आणि गाड्या भरून माणसें भिवंडीला, वसईला वीटभट्ट्यांवर गेलीं. माझ्या हजेरीपटावर पौषांत निम्मीं नांवें लाल शाईचीं असतात. अशा वेळीं, २६ जानेवारीस, पाड्याच्या जन्माचा कौल घ्यावयाचा? मुंबईच्या गोंवेकरांना मत नव्हतें तें कायद्यानें नव्हतें. भट्टीवरच्या आपल्या माणसांचें नांव तर यादींत आहे. आपण फक्त ते नसतील असा दिवस निवडला आहे. मुद्दाम निवडला असें आम्ही म्हणत नाहीं. कोणाच्या ध्यानांतच आलें नाहीं; आणि तेंच वाईट.

बाहेरच्या पोरांपैकीं एकानें मघाशीं सुचविलें कीं व्हॉट्सअॅपवर विचारून घेऊं. बाबा, फोन कोणाच्या खिशांत असतो? नवऱ्याच्या. बायकोचें मत त्याच अंगठ्यानें येणार. बायकांची सभा ग्रामसभेच्या आधीं वेगळी घ्यावी, असें कायदाच सांगतो. ती फोनवर होत नाहीं. दुसऱ्या एका दादांचें म्हणणें, मार्चअखेर निधि परत जाईल, म्हणून घाई करा. दादा, जो निधि आहे तो आजच्या गांवाच्या नांवावर आहे. आपलें गांव जाहीर व्हावयाचें तर चौकशा होणार, कागद जव्हारास जाणार, वर जाणार. मार्चच्या आंत त्यांतलें कांहींएक होत नाहीं. घाई करून निधि मिळत नाहीं, नुसते अंगठे मिळतात.

म्हणून आमची मागणी एवढीच कीं २६ जानेवारीच्या सभेंत हा ठराव मांडूं नका. त्या दिवशीं एवढेंच लिहा कीं, या पाड्याचा कौल आवणी उरकल्यावर, १५ ऑगस्टच्या सभेस घेतला जाईल, तोंवर शेजारच्या दोन्ही पाड्यांशीं आणि कातकरी वस्तीशीं बोलणें होईल. पावसाळ्यांत सगळीं माणसें घरीं असतात. भांडलीं तर समोरासमोर भांडतील.

मतदार यादीची एक प्रत आम्हीं तहसील कचेरींतून आणून या खांबाला टांगली आहे. ज्यांचीं माणसें भट्टीवर आहेत त्यांनीं उठण्यापूर्वीं त्या नांवापुढें भट्टीचें ठिकाण सांगावें. सातवीच्या मुली लिहून घेतील. येत्या रविवारीं आम्ही स्वतः भिवंडीकडे जाणार आहों. दोघे बरोबर आले तर बरें. एसटीचें भाडें ज्याचें त्यानें काढावें, भाकरी आम्ही बांधून घेऊं. पहिली गाडी पहांटेस खोडाळ्याहून सुटते.